पानाआडचा चोर

खानदेशचे ऊन प्रसिद्ध आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काळी जमीन तडकून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि धुळ्याच्या पांझरा नदीत पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. अशा या प्रदेशात माणसाने मेहनतीने कापूस पिकविला, रावेर-यावलच्या बाजूस केळीच्या हिरव्यागार बागा उभ्या केल्या. परंतु कापूस आणि केळी पिकविण्यास शेत लागते. रोजच्या जेवणातील भाकरीबरोबरची पालेभाजी पिकविण्यास मात्र शेत लागत नाही. चार हात परसदार, घरावरचे धाबे, नाही तर खिडकीखालचा एक फुटका माठ, एवढ्या जागेतही ती आनंदाने वाढते.

पालेभाजी दिसते साधी, पण तिचे मोल मोठे आहे. रक्तासाठी लागणारे लोह, डोळ्यांसाठी लागणारे अ जीवनसत्त्व आणि हाडांना लागणारा चुना तिच्यात असतो. बाजारातून आणलेली जुडी घरी येईपर्यंत कोमेजते. घरची भाजी चुलीवर तवा ठेवल्यावरही खुडून आणता येते. म्हणूनच राज्यातील अनेक शाळांनीही आपल्या आवारात परसबागा लावल्या आहेत.

मुलांनो, ही भाजी लावावी कशी, ते प्रथम पाहू. खानदेशची काळी माती कसदार खरी, पण ती पाणी धरून ठेवते. आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण करावे. डबा किंवा माठ वीतभर खोल असला तरी पुरे. मात्र त्याच्या तळाला भोके हवीत, नाही तर मुळे कुजतात. मेथीचे दाणे ओळीने पेरून वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकी माती लोटावी. चार-पाच दिवसांत कोंब वर येतात आणि महिन्याभरात भाजी काढता येते. धणे अख्खे पेरू नयेत. हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवून मग पेराव्यात. माठ आणि पोकळा यांचे बी मोहरीहूनही बारीक असते. ते मूठभर वाळूत मिसळून पेरले म्हणजे सर्वत्र सारखे पडते. पालक मुळासकट न उपटता बुडाशी थोडा राखून कापला, तर तो पुनःपुन्हा फुटतो.

कोणती भाजी केव्हा लावावी, हेही समजून घेतले पाहिजे. अंबाडी, माठ आणि तांदुळजा यांना ऊब मानवते. त्या पावसाळ्यात जोमाने येतात. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांना गारवा प्रिय आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून खानदेशातील मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणू लागतात. तेव्हापासून दिवाळीपर्यंत मेथी-पालक पेरण्यास उत्तम काळ असतो. पाणी सकाळी द्यावे. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी फेकून न देता झाडांना घातले, तर टंचाईच्या दिवसांतही चार कुंड्या सहज जगतात.

बी उगवते, पाने रुंद होतात, आणि आता दोन दिवसांनी भाजी काढू असे आपण म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहावे, तो कालच्या गुळगुळीत पानांची चाळण झालेली असते! काही पानांच्या तर नुसत्या शिराच उरलेल्या दिसतात. आजूबाजूला कोणी नसते. पण खालच्या पानावर मोहरीएवढे काळसर दाणे पडलेले असतात. ही चोराची खूण होय. ते दाणे म्हणजे अळीची विष्ठा. ती जेथे ताजी दिसेल, त्याच्या बरोबर वरच्या पानाची मागची बाजू उलटून पाहावी. बहुधा चोर तेथेच सापडतो.

हा चोर येतो कोठून? पूर्वी अनेक देशांत लोक असे समजत, की किडे चिखलातून आणि कुजक्या पदार्थांतून आपोआप निर्माण होतात. सतराव्या शतकात जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी मारिया सिबिला मेरिअन नावाची एक मुलगी होती. तिचा जन्म १६४७ चा. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढी असताना, तिने रेशमाचे किडे पाळून त्यांचे निरीक्षण सुरू केले. पुढे ती नाना जातींच्या अळ्या गोळा करून आणी, त्यांना ज्याचा त्याचा पाला खाऊ घाली आणि त्यांच्यात होणारे बदल चित्रांत उतरवून ठेवी. १६७९ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून फुलपाखरू हा सारा प्रवास, त्या त्या अळीच्या अन्नझाडासह, तिने लोकांसमोर मांडला. तिच्यापाशी त्या वेळी ना शाळेची प्रयोगशाळा होती, ना मोठी साधने. होती ती फक्त धीराने पाहणारी नजर.

तीच नजर आपणही आपल्या कुंडीकडे वळवू. अळी ही पतंगाची किंवा फुलपाखराची बाल्यावस्था होय. रात्री येणारा करडा पतंग पानाच्या मागे अंडी घालतो. तो स्वतः पान खात नाही. पान खाते ती त्याची अळी. अंड्यातून बाहेर पडताना ती सुतासारखी बारीक असते. तिचे एकच काम, खाणे. कातडी तंग झाली की ती कात टाकते आणि पुन्हा खाऊ लागते. अशा चार-पाच काती टाकून ती पूर्ण वाढते. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की अळी आपल्या साऱ्या आयुष्यात जेवढे खाते, त्यातील बहुतेक भाग शेवटच्या थोड्या दिवसांत खाते. म्हणजे लहान अळी आज दिसली आणि आजच काढली, तर नुकसान एक-दोन पानांचे. तीच आठ दिवसांनी दिसली, तर सारी कुंडी गेली. खाऊन तृप्त झाली, की ती मातीत शिरते किंवा पानाच्या घडीत लपते आणि कोष करते. काही दिवसांनी त्या कोषातून पतंग निघतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

सर्वच अळ्या सारख्या नसतात. लष्करी अळीचा पतंग शे-दोनशे अंडी एकाच पुंजक्यात घालतो आणि तो पुंजका आपल्या अंगावरील बदामी केसांनी झाकतो. तिची पिले प्रथम एकत्र राहून पान खरवडतात, मग पांगतात. मोठ्या झाल्यावर त्या दिवसा मातीत दडून बसतात आणि रात्री बाहेर पडतात. मक्याच्या पोंग्यात शिरणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम आढळली. तीही याच कुळातील. माठावर आणि पालकावर एक हिरवट अळी येते. ती रेशमासारख्या धाग्यांनी पाने एकमेकांस चिकटवून आत घर करते. उंटअळीचे नाव तिच्या चालीवरून पडले आहे; पोटाखालच्या पायांच्या जोड्या कमी असल्यामुळे ती पाठीची कमान करीत पुढे सरकते. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या, तर ती नागअळी समजावी. ती एका लहान माशीची अळी असून पानाच्या आतच राहते. तेव्हा असे पान खुडून टाकणे हाच सोपा उपाय. केसाळ अळीला मात्र उघड्या हाताने कधीही शिवू नये. तिच्या केसांनी अंगाला खाज सुटते आणि चट्टे उठतात.

एवढ्या अळ्या आणि एवढी त्यांची अंडी, तर मग सृष्टीत एकही पान कसे उरते? याचे कारण, चोराच्या मागावर शिपाईही असतात. साळुंकी, चिमणी, बुलबुल हे पक्षी आपल्या पिलांना अळ्या भरवितात. कुंभारीण नावाची गांधीलमाशी ओल्या मातीचे इवलेसे गाडगे बनविते, अळीला डंख मारून बधिर करते आणि त्या गाडग्यात कोंडते. आपल्याकडे फार जुनी समजूत अशी, की कुंभारीण सारखी गुणगुणत राहते आणि तिच्या ध्यासाने कोंडलेली अळी स्वतःच कुंभारीण बनते. संतांनीही ध्यासाचे बळ सांगताना हा दृष्टान्त दिला आहे. दृष्टान्त म्हणून तो सुंदरच आहे. पण गाडगे फोडून पाहणाऱ्यांना खरा प्रकार कळला. कुंभारीण त्या गाडग्यात आपले अंडे घालते, आणि त्यातून निघालेले पिलू ती अळी खाऊन वाढते. याहूनही लहान, एका मिलिमीटरपेक्षाही कमी लांबीची ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी आहे. ती पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मासच येत नाही. ही माशी प्रयोगशाळेत वाढवून कागदाच्या पट्ट्यांवर शेतकऱ्यांना दिली जाते.

पाने खाल्लेली पाहून पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो तो विषारी औषधाचा. शेतात कापसासाठी आणलेली बाटली घरात असतेच; चार थेंब पाण्यात घालून शिंपडले म्हणजे झाले! असे करणे अत्यंत धोक्याचे आहे. कापूस आपण खात नाही. पालेभाजीचे मात्र ज्या पानावर औषध पडते, तेच पान आपल्या ताटात येते. फवारणीनंतर पीक काढण्यापूर्वी किती दिवस थांबावे, हे प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात दिलेले असते. घरची भाजी तर आपण दोन दिवसांआड खुडतो. शिवाय त्या विषाने अळी मरते, तशी कुंभारीण आणि ट्रायकोग्रामाही मरते. शिपाई गेले, की पुढच्या वेळी चोर अधिक निर्धास्त होऊन येतो.

विषाचा धोका केवळ खाणाऱ्याला नसतो. २०१७ साली विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषधे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. ही माणसे आपल्या घरच्यांसाठी राबत होती. म्हणून औषधाच्या डब्यावरील चौकटीतील रंग ओळखावयास शिका. लाल रंग अतिशय तीव्र विषाचा, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून सौम्य विषाचा. हिरवा रंग असला तरी आतील पदार्थ विषच आहे, हे विसरू नये. असे डबे मुलांनी उघडू नयेत आणि रिकाम्या बाटल्यांत पाणी किंवा तेल कधीही भरू नये.

एकाच उपायावर विसंबून राहिले म्हणजे काय होते, हे कापसाने आपल्याला शिकविले आहे. २००२ साली भारतात बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. या कापसाच्या झाडातच बोंडअळीला मारक असा घटक होता. प्रारंभी त्याचा लाभ झाला. परंतु वर्षानुवर्षे सर्वत्र तोच कापूस लावला गेल्याने गुलाबी बोंडअळी त्या घटकाला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने कापसाचे मोठे नुकसान केले. लहानसा जीव असला, तरी अळी हार मानत नाही. म्हणून तिच्याशी सामना करताना एकच शस्त्र न वापरता अनेक साधे उपाय एकत्र योजावे लागतात.

त्यातील पहिला उपाय म्हणजे रोजची पाहणी. सकाळी पाणी घालताना पाच-दहा पानांची मागची बाजू उलटून पाहावी. अंड्यांचा पुंजका दिसताच ते पान खुडावे. अळ्या काडीने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. लष्करी अळी रात्री येते. म्हणून अंधार पडल्यावर कंदील किंवा विजेरी घेऊन एक फेरी मारावी.

दुसरा उपाय म्हणजे आडोसा. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कामट्यांच्या कमानीवर ताणून कुंडी झाकली, की पतंगाला अंडी घालण्यास जागाच मिळत नाही. ऊन, वारा आणि पाणी मात्र आत जाते.

तिसरा उपाय म्हणजे आमिष. लष्करी अळीच्या पतंगाला एरंडाचे पान फार आवडते. वाफ्याच्या कडेला एरंडाची दोन झाडे लावली, तर पतंग पुष्कळशी अंडी त्यांवर घालतो आणि तेवढी पाने खुडणे सोपे जाते. एरंडाच्या बिया मात्र विषारी असतात, म्हणून लहान मुलांना त्यांपासून दूर ठेवावे.

चौथा उपाय आपल्या कडुनिंबाचा. आपल्या आज्या-पणज्या धान्याच्या कोठीत निंबाचा पाला घालीत आल्या. १९६२ साली दिल्लीत टोळधाड आली, तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पिकांवर निंबोळीचे पाणी फवारून पाहिले. टोळ पिकांवर उतरले, पण त्यांनी पानांना तोंड लावले नाही. निंबोळीच्या कडवटपणामुळे अळीला पान नकोसे होते, आणि तिच्या कात टाकण्याच्या क्रियेतही बिघाड होतो. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या पिकून खाली पडतात. त्या वेचून, गर काढून, बिया सावलीत वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम बियांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी आणि त्यात थोडेसे साबणाचे पाणी मिसळावे. हा अर्क ताजाच वापरावा आणि सायंकाळी फवारावा, कारण कडक उन्हात त्याचा गुण उतरतो. फवारणीनंतर काही दिवस भाजी खुडू नये, आणि खुडल्यावर ती दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावी. हे काम वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

शेवटचा उपाय खानदेशच्या उन्हाचा. भाजी संपली, की वाफ्यातील माती खालवर करून चांगली तापू द्यावी. मातीत दडलेले कोष उघडे पडतात. काही उन्हाने मरतात, काही साळुंक्या टिपून नेतात. ज्या उन्हाला आपण वैशाखात नावे ठेवतो, तेच असे आपल्या कामी येते. त्यानंतर त्याच जागी लगेच तीच भाजी न लावता दुसरी लावावी.

इतके सारे करूनही एखादी अळी उरतेच. तिच्याकडे रागाने न पाहता जरा कुतूहलानेही पाहावे. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक लहान अळी असते. ते तिचे सोंग असते. या सोंगामुळे पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे तिचेच पिवळ्या-काळ्या नक्षीचे देखणे फुलपाखरू होते. झाड मोठे असेल, तर त्याची चार पाने तिला दिली म्हणून आपले काही बिघडत नाही. कोणती अळी काढावयाची आणि कोणती राहू द्यावयाची, हा विवेक मात्र अळीला ओळखणाऱ्यालाच साधतो. विषाच्या बाटलीला तो साधत नाही.

जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण शेत, पीक, पाखरू आणि त्याचे घरटे यांकडे त्यांनी इतक्या बारकाईने पाहिले, की १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. पाहण्याचे हे शिक्षण आपल्या परसातही मिळते. त्यासाठी पैसा लागत नाही. लागतो तो रोजचा अर्धा घटका वेळ. रोज पाहणाऱ्याच्या कुंडीत चोर येतो खरा, पण त्याचा डाव फार दिवस चालत नाही.

शब्दार्थ

धाबे – मातीचे सपाट छप्पर. परसदार – घराच्या मागील मोकळी जागा. कात – अंगावरून गळून पडणारी कातडी. कोष – अळीचे पतंगात रूपांतर होताना तिच्याभोवती असणारे आवरण. दृष्टान्त – एखादी गोष्ट पटवून देण्यासाठी दिलेले उदाहरण. सरावणे – सवय होणे. भरड – जाडसर कुटलेला पदार्थ. विवेक – बरे-वाईट ओळखण्याची बुद्धी. घटका – चोवीस मिनिटांचा काळ.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिहा.
(अ) माठाचे बी वाळूत मिसळून का पेरतात?
(आ) अळी पानाच्या मागे आहे, हे कोणत्या खुणेवरून ओळखावे?
(इ) निंबोळीचा अर्क सायंकाळी का फवारावा?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे पाच-सहा वाक्यांत लिहा.
(अ) अळी लहान असतानाच का काढली पाहिजे?
(आ) कुंभारणीविषयीची जुनी समजूत कोणती, आणि खरा प्रकार कोणता?
(इ) कापसावर फवारण्याचे औषध घरच्या पालेभाजीवर का वापरू नये?

३. कारणे द्या.
(अ) उंटअळीला हे नाव पडले.
(आ) भाजी संपल्यावर वाफ्यातील माती उन्हात तापू द्यावी.

४. ‘चोराच्या मागावर शिपाईही असतात’ या वाक्यातील चोर कोण आणि शिपाई कोण, ते स्पष्ट करा.

५. उपक्रम : केस नसलेली एक अळी ज्या झाडावर सापडेल, त्याच झाडाच्या पाल्यासह रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. बरणीच्या तोंडाला पातळ फडके बांधा आणि रोज ताजा पाला द्या. अळीची लांबी, रंग, काती आणि कोष यांची तारीखवार नोंद ठेवा. कोषातून जे बाहेर येईल, ते पतंगच असेल असे नाही. कधी कधी लहानशी गांधीलमाशीही निघते. तसे झाल्यास त्याचे कारण पाठातून शोधून वर्गात सांगा.